कोमट पाण्यावरची फळी

एप्रिलमध्ये सकाळी भरून मागच्या अंगणात ठेवलेली लोखंडी बादली दुपारी चारच्या सुमाराला हवी तेवढी कोमट होते. मग मी पायरीवर बसते, पाय तिच्यात सोडते, आणि पाणी घोट्यांना लागलं की आपण कुठं आहोत याचा थोडा वेळ विसर पडतो. कढत नव्हे, गारही नव्हे. उन्हात नुसतं बसून राहिलेलं पाणी. त्याला वास असतो, थोडा लोखंडाचा, थोडा तळाशी बसलेल्या गाळाचा. जन्म सगळा पुण्यात गेला माझा, पण हा वास मला पुण्याचा कधी वाटलाच नाही. तो आजोळचा आहे, तंजावरचा. स्टेशनच्या पाटीवर तंजावूर लिहिलेलं असतं. आमच्या घरात मात्र पिढ्यान्‌पिढ्या तंजावरच.

परवा पाय असेच बादलीत असताना भाच्याचा फोन आला, मिनेसोटाहून.

"मावशी, घर बदलायचं म्हणतोय."

त्याला आता कामासाठी कचेरीत जावं लागत नाही, संगणक उघडला की झालं. मुलगीही कॉलेजला दुसऱ्या गावी गेलेली. "मग कुठं जाणार?" मी म्हटलं. "ऊब असेल तिथं," तो म्हणाला. "आणि पाणी. बारा महिने स्की करता येईल असं पाणी."

त्याचं हे वेड आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मोटरबोटीच्या मागे दोरी, दोरीच्या टोकाला हा, पायाखाली फळी, आणि तळ्यावरून सुसाट. मिनेसोटाला दहा हजार तळ्यांचं राज्य म्हणतात, गाड्यांच्या नंबरपाटीवरसुद्धा तसं लिहिलेलं असतं; पण ती तळी नोव्हेंबर-डिसेंबरात गोठतात ती थेट एप्रिल येईपर्यंत. लोक त्यांच्यावरून मोटारी नेतात, बर्फाला भोक पाडून मासे धरतात, आणि हा खिडकीतून बघत बसतो. मे महिन्यात रबराचा जाड पोशाख चढवून उतरलं तरी पाणी हाडांत शिरतं म्हणे. खरा हंगाम जून, जुलै, ऑगस्ट. "वर्षातले बारा आठवडे मी जगतो," तो म्हणतो, "उरलेले चाळीस वाट बघतो." आता पंचेचाळिशी उलटली, गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा चाळीस आठवड्यांची वाट त्याला परवडेनाशी झाली असावी. तसं बोलला नाही. पण मला ऐकू आलं.

स्कीचं सगळं तो मला बारकाईनं सांगतो, कारण त्याच्या घरात आता ते कुणी ऐकून घेत नाही. समुद्र नको, लाटा असतात. तळं हवं, तेही अरुंद, लांबट, कडेला दाट झाडं असलेलं, म्हणजे वाऱ्याला पाण्यापर्यंत पोचता येत नाही. स्लालमसाठी त्यात सहा बोया लागतात, या दारापासून त्या दारापर्यंत २५९ मीटर. बोट मधोमध सरळ जाते, आणि आपण एकाच फळीवर डावीउजवीकडं झुलत एकेका बोयेला वळसा घालायचा. पुरुषांसाठी बोटीचा वेग ताशी ५८ किलोमीटरपर्यंत. पहाटे पाणी आरशासारखं असतं तेव्हाच काय ती मजा. हे सगळं मी पुष्कळदा ऐकलेलं आहे. पण त्या दिवशी बोलता बोलता तो म्हणाला की, नव्या माणसाला शिकवताना सांगायचं एवढंच असतं: पाण्यात उकिडवं बस, गुडघे छातीशी घे, हात ताठ ठेव, आणि दोरी ओढू नकोस. बोट आपल्याला ओढते, आपण बोटीला नाही. ओढायला गेलास की पडलास.

बादलीतले माझे तळपाय एकदम जागे झाले. हे मला कुणीतरी सांगितलेलं होतं. तमिळमध्ये, वयाच्या नवव्या वर्षी, एका उघड्या अंगाच्या म्हाताऱ्यानं.

आमच्या सुट्टीतलं तंजावर कोरडं असायचं. मद्रासला उतरायचं, एग्मोरहून मीटरगेजची गाडी धरायची, आणि कोळशाच्या भुकटीनं काळी झालेली तोंडं घेऊन मेलवीदीतल्या घराच्या तिण्णैवर, म्हणजे आपल्या ओट्यावर, टेकायचं. पाय धुवायला तांब्या मिळे, पण एकच. तिथून तिरुवैयारूला त्यागराजस्वामींच्या समाधीवर जायचं तर तेरा किलोमीटरांत वडवारू, वेण्णार, वेट्टार, कुडमुरुट्टी आणि कावेरी असे पाच पूल लागतात. त्या गावाच्या नावातच पाच नद्या आहेत. मे महिन्यात पाचही पुलांखाली वाळू. शुभ्र, तापलेली, गुरांच्या खुरांनी खळगे पडलेली वाळू, आणि तिच्यात खेळणारी पोरं. मी आजीला विचारायची, नदी कुठं गेली? आजी फुंकणीनं चूल फुलवत म्हणायची, "येईल की." जशी काही नदी बाळंतपणाला माहेरी गेली आहे.

नदी निघायची १२ जूनला. मेट्टूरच्या धरणाची दारं उघडायची रिवाजाची तारीख ती, आणि मिटायची २८ जानेवारी. धरण १९३४ सालचं, पण तिकडचे शेतकरी या दोन तारखा जुन्या सणवारासारख्या सांगतात. वरच्या अंगाला पाऊस ओढला की तारीख हुकते, आणि मग अख्खी गावं आभाळाकडं बघायचं सोडून पश्चिमेकडं बघत बसतात. आमची शाळाही जूनच्या दुसऱ्या आठवड्यात उघडे. म्हणजे पाणी मेट्टूरहून निघायचं त्या सुमाराला आम्ही तंजावरहून निघायचो. दर वर्षीची चुकामूक.

मग एका वर्षी मला कांजिण्या आल्या. तिकडं त्यांना 'अम्मै' म्हणतात. आईच घरात आली असं मानतात, दाराला कडुलिंबाचा डहाळा खोचतात आणि त्या घरातून कुणाला प्रवासाला निघू देत नाहीत. मी उठले तशी धाकटी बहीण पडली, ती उठतेय तोवर आई. बाबांची पुण्याहून पत्रांवर पत्रं. तीन अंथरुणांच्या पुण्याईनं आमचा मुक्काम ऑगस्टपर्यंत लांबला आणि मला नदी बघायला मिळाली.

पाणी येताना पाहिलंय तुम्ही कधी? भरलेली नदी पाहिली असेल, पूर पाहिला असेल. मी म्हणते ते वाळूवरून चालत येणारं पाणी. करिकाल चोळाचा म्हणून सांगतात त्या जुन्या कल्लणैच्या बांधापाशी मेट्टूरच्या पाण्याच्या वाटण्या होतात, आणि तिथून निघालेला कालवा मोठ्या देवळाच्या कोटाला खेटून गावात येतो. लोक त्याला 'पुदु आरू' म्हणतात, नवी नदी. देवळाच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ साली भोसल्यांचा सगळा इतिहास मराठीत कोरून ठेवलाय, आणि मामा मला ती देवनागरी अक्षरं बोटानं दाखवत होता, तेवढ्यात बाहेर कुणीतरी ओरडलं, "तण्णि वंदुडुच्चु!" पाणी आलं. आम्ही धावलो. पुलावर माणसंच माणसं. खाली कालव्याच्या कोरड्या तळाशी एक तपकिरी जीभ, फार तर वीतभर उंचीची, वाळू चाटत चाटत पुढं सरकत होती. तिच्या टोकाला फेस, वाळकी पानं, काटक्या, आणि जीव घेऊन पळणारे किडेमुंग्या. पोरं तिच्यापुढं उलटी चालत होती, नवरदेवापुढं चालतात तशी. आवाज म्हणावा तर होता, म्हणावा तर नव्हता. तापलेली वाळू पाणी पिते तेव्हा तव्यावर थेंब पडल्यासारखी बारीक चुरचुर होते, ती शेकडो हातांवर एकदम. आणि मग वास. पहिल्या पावसाच्या वासाला आपण मृद्गंध म्हणतो, अत्तरंसुद्धा करतात त्याची. या वासाला नाव नाही. त्यात गाळ होता, शेवाळ होतं, वाटेतल्या किती गावांचा पाचोळा होता, आणि एक ऊब होती. आजीनं पुलावरून जास्वंदीची फुलं टाकली आणि हात जोडले. "दमली असेल," ती म्हणाली.

त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी मामानं आम्हांला बैलगाडीतून वेण्णारकाठच्या शेतावर नेलं. जमीन थोडीच होती. चिखलणी चालली होती. कोळिंजीचा हिरवा पाला तुडवून चिखलात घातलेला, त्याचा आंबूस वास, वर टीचभर पाणी, आणि त्या पाण्यात आभाळ. नांगर फिरून गेले की जमीन सपाट करायला एक जड लांबोडी फळी फिरवतात, तिला तिकडं 'परंबु' म्हणतात. दोन दोरांनी ती बैलांच्या जुवाला बांधायची आणि वजन पडावं म्हणून हाकणाऱ्यानं तिच्यावर उभं राहायचं. हाकणारे तात्ता सत्तरीचे असतील. पाठ पाण्याच्या घागरीसारखी काळी, तुकतुकीत. त्यांनी मला बखोटीला धरून फळीवर घेतलं, पुढचा दोर हातात दिला, आणि म्हणाले ते एवढंच: गुडघे वाकव, दोर ओढू नको, माडु तुला नेईल. माडु म्हणजे बैल.

बैल चालले. एक हिसका बसला, मी मागे कलले, तात्तांचा गुडघा पाठीला लागला, आणि मग काहीच लागेना. खड्डा नाही, ढेकूळ नाही, पायाखाली जमीनच नाही. फळी चिखलावर अशी सुळ्ळकन निघाली की तिच्याबरोबर माझं सगळं वजन कुठंतरी गळून पडलं. दोन्ही बाजूंना पाण्याची पातळ घडी उलगडत होती, तिचे शिंतोडे पोटऱ्यांवर येत होते, आणि ते पाणी कोमट होतं. जूनअखेरच्या उन्हात टीचभर पाणी तापणारच, त्यात नवल काय. पण मला ते कुणीतरी माझ्यासाठी चुलीवरून उतरवून ठेवल्यासारखं वाटलं. मागे बगळे उतरत होते, उलटलेल्या चिखलातले किडे टिपायला. "विडादे, विडादे," तात्ता म्हणत होते. सोडू नको. मी कशाला सोडते! बैलांचा वेग तो काय, माणसाच्या चालीएवढा. पण आयुष्यात त्याच्याइतक्या वेगानं मी पुन्हा कधी गेले नाही.

बांधावर, ताडपानांच्या छत्रीखाली, माझी बहीण बसली होती. अम्मै उतरून तिच्या डोक्यावरून पाणी घातल्याला दोनच दिवस झाले होते आणि चिखलात पाऊल घालायचं नाही अशी आजीची ताकीद होती. प्रत्येक फेरीला मी तिच्यासमोरून गेले. हात हलवला. तिनं हलवला नाही. शेवटी ती रडायलाच लागली तेव्हा तात्तांनी बैल थांबवले आणि तिला म्हणाले, "अडुत्त वरुषम्, कण्णु." पुढच्या वर्षी, राजा.

पुढच्या वर्षी शाळा वेळेवर उघडली. त्याच्या पुढच्याही. मग मामानं जमीन विकली.

भाच्याला मी हे सांगत होते तेव्हा तिकडं नुसता श्वास ऐकू येत होता. "आई कधी बोलली नाही हे," तो म्हणाला. ती जाऊन तीन वर्षं झाली. बोलली असती तरी काय सांगणार, न झालेल्या गोष्टीचं? मी म्हटलं, "तिची एक फेरी राहिली होती बाबा." आणि मग विषय बदलला, कारण बादलीतलं पाणी निवायला लागलं होतं आणि मला त्या दिशेला आणखी जायचं नव्हतं.

त्यानंच मग हलकं केलं. हा खेळ निघाला कुठं माहीत आहे का, म्हणाला. मिनेसोटातच, पेपिन नावाच्या तळ्यावर. १९२२ सालच्या २ जुलैला राल्फ सॅम्युएलसन नावाचा पोरगा, दुसऱ्या दिवशी एकोणीस पुरी करणारा, भावाला बोट हाकायला लावून पाण्यावर उभा राहिला. आधी पिंपाच्या फळ्या बांधून पाहिल्या, बर्फावरच्या स्की बांधून पाहिल्या, सगळ्या बुडाल्या. मग पाइनच्या दोन रुंद फळ्या आणल्या, त्यांची टोकं उकळत्या पाण्यात मऊ करून वर वळवली, आणि टोकं पाण्याबाहेर धरून मागे रेलला. बोटीनं ओढलं आणि उठला. मला हे ऐकून नवल वाटलं नाही. आठ महिने गारठा असलेल्या गावातच असल्या गोष्टी सुचतात. ज्यांच्या दारात बारा महिने कोमट पाणी आहे ते त्यात म्हशी धुतात.

ऊब असलेल्या जागांची त्याच्याकडं यादीच आहे. पहिली फ्लोरिडा. तिथं एका गावाचं नावच विंटर हेवन, हिवाळ्याचा आसरा. कालव्यांनी एकमेकांना जोडलेली तळी, आणि १९३६ साली तिथं सायप्रस गार्डन्स नावाची बाग उघडली, जिथले पाण्यावरच्या कसरतींचे खेळ पुढं जगभर गाजले. पण उन्हाळ्यात रोज दुपारी गडगडाट, की पाण्याबाहेर. आणि तळ्यात मगरी. "त्या काही करत नाहीत," म्हणाला. मी काही बोलले नाही. आपल्याकडचं विचारलंन तेव्हा मी मालवण सांगितलं, गोवा सांगितलं. ऊब तर आहेच, बोटीही आहेत. पण पावसाळा लागला की बोटी किनाऱ्यावर पालथ्या. उबेच्या देशातही पाणी बारा महिने आपलं नसतं. आपल्याकडं ते गोठत नाही, उसळतं किंवा आटतं, एवढाच फरक.

"मग तंजावरलाच घर घेऊ का?" तो हसत म्हणाला. घे की. जानेवारीतल्या रात्रीसुद्धा पांघरूण पायाशीच पडून असतं. मोठ्या देवळाशेजारी शिवगंगा तलाव आहे, त्याचं पाणी एके काळी गाव प्यायचं. तिथं स्की करायची म्हटलीस तर तुझी दोरी निम्मा तलाव खाईल आणि उरलेल्या निम्म्यात लोक तुला बुडवतील. नद्या जून ते जानेवारी. फेब्रुवारीपासून वाळू. म्हणजे तुझ्या तळ्यांपेक्षा हंगाम मोठा आहे, एवढं खरं.

घर बदलायला आमची माणसं एकदा निघालीच होती. १६७६च्या आसपास एकोजीराजांनी तंजावर घेतलं, आणि त्यांच्या लष्करामागून कारकून, भटजी, आचारी, कीर्तनकार असे सगळे दक्षिणेला उतरले. आमचा कुणी पूर्वज मोडी लिहिणारा होता, असं आजी सांगे. पुढच्याच वर्षी शिवाजीमहाराज कोल्लिडम नदीकाठी तिरुमळपाडीला आले, धाकट्या भावाला भेटायला बोलावलं, आणि वाटणीची बोलणी फिसकटताच एकोजीराजे रातोरात नदी ओलांडून निघून आले. लाकडाच्या तराफ्यावरून, असं आजीचं म्हणणं, आणि ते ती अशा खात्रीनं सांगायची की तराफ्याच्या दुसऱ्या टोकाला आपलाच माणूस बसला होता. त्या वेळी नदीला पाणी होतं, हे मला नेहमी महत्त्वाचं वाटत आलं आहे. ज्वारीच्या, विहिरींच्या, एका पावसाच्या मुलखातून आलेल्या त्या माणसांनी भाताच्या खाचरांतून पाच नद्या वाहताना पाहिल्या असतील. परत कशाला जातील? आणि पहिल्या मे महिन्यात वाळू पाहिली असेल तेव्हा त्यांनीही कुणाला तरी विचारलं असेलच, नदी कुठं गेली?

आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी, म्हणजे आपल्याकडं ३ ऑगस्टच्या आसपास, तिकडच्या बायका भरल्या कावेरीवर जातात. नदीला दिवस गेले असं मानतात. चिंचेचा भात, लिंबाचा, नारळाचा, दह्याचा, असे भाताचे नाना प्रकार करून काठावर नेतात. काळे मणी आणि ताडपानाची कर्णफुलं पाण्यात सोडतात. सरळ डोहाळजेवणच. त्या वर्षी आमची आईही तोवर उठली होती. बहिणीला त्या दिवशी कुणी अडवलं नाही. ती गुडघाभर पाण्यात उतरली, खाली वाकून बराच वेळ काहीतरी बघत राहिली, आणि वर येऊन मला म्हणाली, "गरम आहे गं." मला खोटं सांगितलंस, पाणी गार असतं, असं काहीसं तिच्या डोळ्यांत होतं. मी तिला तसं कधी सांगितलंच नव्हतं. का कोण जाणे, मी तिला फळीबद्दल काहीच सांगितलं नव्हतं.

भाच्यानं मग कळवलं की विंटर हेवनचं घर त्यानं पक्कं केलं. मागच्या दारी तळं आहे. मीही त्याला तेच सांगितलं असतं. पंचेचाळिशीतल्या माणसानं चाळीस आठवडे वाट बघू नये. मात्र ऑगस्टात सामान हलवायच्या आधी तो इकडं येतोय. आधी महाबळेश्वर म्हणत होता, मग स्वतःच म्हणाला, "मावशी, ते पाणी चालत येतं ते दाखव." मी म्हटलं, या वर्षी धरणात पाणी किती आहे, दारं वेळेवर उघडतील की नाही, याची खात्री कुणीच देत नाही. चालेल म्हणाला. वाट बघायची सवय आहे म्हणाला.

तंजावरची तिकिटं १४ जूनला पोचायची काढली आहेत. मेट्टूरहून सुटलेलं पाणी कल्लणैला यायला तीन दिवस लागतात.